जड वस्तू

मी एक खलबत्ता बोलतोय. बिडाचा, काळा, साडेचार किलो वजनाचा. बोलायच्या आधी तुमच्या हातांकडे नीट बघून घेतलं, राग मानू नका. माझी ती सवयच आहे. माझ्याकडे रिकाम्या हाताने, चार गोष्टी बोलायला म्हणून कोणी आलेलंच नाही. जो येतो त्याला काहीतरी फोडायचं असतं. मग माणसाचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय? माणसाचा म्हणजे माझा.

माझा जन्मही संशयातच झाला. बीड ओतायच्या कारखान्यात वाळूच्या साच्यातून मला बाहेर काढलं, गार केलं, आणि ओतणाऱ्या कारागिराने पहिलं काम काय केलं, तर हातोडीने मला टण्णकन ठोकलं आणि कान जवळ आणला.

"ह्याच्या पोटात पोकळी वाटतेय," तो म्हणाला. पुन्हा ठोकलं. "नाही. धड आहे."

जन्मल्या जन्मल्या ज्याची अशी चौकशी होते, तो जगाकडे प्रेमाने कसा बघेल, तुम्हीच सांगा. माझा सोबती बत्ता मात्र तसा नाही. तो डोक्याने ठार आहे. जिथे पाडाल तिथे पडतो.

आधी मी एका औषधवाल्या म्हाताऱ्याकडे होतो. मुळ्या, साली कुटताना तो माझ्या तोंडावर दुसरा हात झाकणासारखा धरायचा. म्हणायचा, भुकटी उडून शेजारच्या दुकानात जाते आणि तो मेला फुकटात बरा होतो! म्हातारा गेला, दुकान मोडलं, आणि मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घरी नेलं. तिच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा तिने मला मुलीच्या हातात दिलं.

"जड आहे, पण जन्मभर पुरेल," ती म्हणाली. "फक्त उंचावर ठेवू नकोस."

ती मुलगी म्हणजे आमची बाई. तिचा नवरा फ्रीज दुरुस्त करतो. सगळे त्याला फ्रीजवाला म्हणतात, आणि तो स्वभावानेही तसाच थंड आहे. दोन खोल्यांचं घर, ओटा हातभर. त्यावर शेगडी ठेवली की मला जागा उरत नव्हती. बाईने मला उंच फळीवर ठेवलं.

आता जे सांगतो ते तीन जणांनाच ठाऊक होतं. बाईला, मला आणि बत्त्याला. बत्त्याला धरू नका.

बाईची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. स्वयंपाकघरात खाली बसून चमच्याशी खेळत होती. दूध उतू जायला आलेलं. बाईने एका हाताने शेगडी बारीक केली आणि दुसऱ्या हाताने मला फळीवरून ओढलं. मी एका हातात मावणारा आहे का? निसटलो. पोरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आपटलो. फरशी फुटली, माझ्या ओठाचा एक टवका उडाला, आणि असा आवाज झाला की तो मला स्वतःलाही ऐकवला नाही.

पोर रडली नाही. नुसती बघत राहिली. माझ्याकडे, मग आईकडे.

बाईने पोरीला उचललं, डोकं चाचपलं, कान चाचपले, हात-पाय हलवून बघितले. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. संध्याकाळी फ्रीजवाल्याने विचारलं, "ही फरशी कधी फुटली?"

"आधीचीच आहे," बाई म्हणाली.

"असं?" तो म्हणाला आणि जेवायला बसला.

मी तेव्हापासून खाली, ओट्याच्या कोपऱ्यात राहायला आलो. शेगडी सरकवून जागा झाली. आधी होत नव्हती, मग झाली. टवक्याची बाजू मात्र कायम भिंतीकडे.

पुढे पोर उशिरा बोलायला लागली. बोलली तरी थोडंच. पाठीमागून हाक मारली तर कधी वळायची, कधी नाही. एखादी गोष्ट विचारली तर आधी तोंडाकडे बघत राहायची, मग सावकाश उत्तर. जिन्यातल्या बायकांनी तिचं नाव घुमी पाडलं. ते नाव ऐकलं की बाई पोरीला आत घ्यायची. तिच्या मनाने पक्कं धरलं होतं की त्या आवाजाने पोरीच्या आत काहीतरी तडकलं. माझा टवका दिसतो, तिचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मग डॉक्टरला दाखवायचं ना? दाखवणार कशी? डॉक्टर पहिलं विचारणार, लहानपणी कधी पडली होती का, काही लागलं होतं का? त्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला नको म्हणून बाईने सात वर्षं काढली. सर्दी-तापाला औषध आणायची ती फ्रीजवाल्याला पाठवून. आणि सगळ्या जगावर संशय घ्यायची. शाळेतून चिठ्ठी आली तर चार वेळा वाचायची. कोणी म्हटलं, "शांत आहे हो तुमची मुलगी," तर दोन दिवस विचार करायची की शांत म्हणजे नक्की काय म्हणायचं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अशात पोर तिसरीत गेली आणि शाळेत चित्रकलेचे नवे सर आले.

नवे म्हणजे शाळेला नवे, वयाने जुनेच. भाषाही जुनी. एक दिवस पोरीच्या वहीत चिठ्ठी आली. बाईने ती माझ्यासमोर ओट्यावर उघडली आणि मोठ्याने वाचली. "विषय, जड वस्तूंचे चित्र. प्रत्येकाने घरातील रोजच्या वापरातील एक वस्तू आणावी."

"जड?" बाई म्हणाली. "लहान लेकरांना जड वस्तू कशाला आणायला सांगतात?"

वरच्या मजल्यावरच्या काकू चहाची साखर मागायला आल्या होत्या. त्यांना अशा वेळी दारात उभं राहणं बरोबर जमतं. "मला तर काही खरं वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. "जड म्हणजे पितळेचं, तांब्याचं. कोणाच्या घरात काय आहे ते बघत असेल तो. आमच्याकडे नाही का, मोजमाप करायला माणूस आला आणि दुसऱ्या आठवड्यात बादली गेली!"

"बादली प्लास्टिकची होती ना काकू?"

"मग? गेली ती गेलीच ना!"

बाईने खूप विचार केला. पितळेचं काही पाठवायचं नाही असं ठरवलं. पण चिठ्ठीत जड लिहिलंय, आणि हलकं पाठवलं तर पोरीला कळलंच नाही असं म्हणतील. शेवटी तिची नजर माझ्यावर आली. तिने मला दप्तरात घातलं. शाळेच्या फाटकापाशी दप्तराचा बंद तुटला.

वर्गात गेलो तर काय! कोणी कप आणलेला, कोणी तेलाची बाटली, कोणी कंगवा, एकाने चहाची गाळणी. आणि त्यांच्यात मी. मुलं खो खो हसली. सरांनी मला दोन्ही हातांनी उचललं, तेव्हा तेही हसले.

"अगं, जड म्हणजे वजनदार नव्हे. जड म्हणजे ज्यात जीव नाही ते."

मला राग आला. ज्यात जीव नाही म्हणे! पण मी मूग गिळून गप्प बसलो. मूग गिळायची आमची तशी सवयच आहे.

"पण बरं झालं," सर म्हणाले. "ह्याच्यासारखा बसणारा कोणी नाही. हा हलायचा नाही." आणि त्यांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मला कोणी काही न फोडता समोर ठेवलं होतं. मी जास्तच सावध झालो.

त्या सरांचे दोन नियम होते. पहिला, खोडरबर आणायचा नाही. दारातच पत्र्याचा डबा होता, त्यात सगळ्यांनी आपापले खोडरबर टाकायचे. म्हणून मुलं त्यांना खोडरबर सर म्हणायची. "रेघ चुकली तर चुकली. तिच्या बाजूला दुसरी काढा. चुकलेलीही राहू दे," असं ते सांगायचे. दुसरा नियम, हात चालवायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं.

बघायचं कसं हे शिकवायला त्यांनी एका चित्रकाराची चित्रं आणली होती. पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली पानं. "हा माणूस आयुष्यभर एकाच खोलीत बसला," सर म्हणाले, "आणि एकच दुधाचा जग काढत राहिला. कधी बाजूला कांदा ठेवायचा, कधी चमचा. जग तोच."

"सर, त्याच्याकडे दुसरा जग नव्हता?" मागून एकाने विचारलं.

"होते की. पण हा अजून पुरता बघून झाला नव्हता."

सगळे हसले. घुमी हसली नाही. ती पुढच्या बाकावर बसून त्या जगाच्या मोडक्या कानाकडे बघत होती. मग माझ्याकडे बघायला लागली. दहा मिनिटांनी बाकीच्यांनी पेन्सिली उचलल्या, ही बघतच होती. मला वाटलं, आता काय फोडते ही माझ्यात? पण तिने काही फोडलं नाही. उठली, टेबलाला वळसा घातला, माझ्या टवक्यापाशी थांबली आणि तिथेच जमिनीवर बसून काढायला लागली.

तीन आठवडे हे चाललं. त्या पानांवरची चित्रं बघायची, मग आपली वस्तू काढायची. मला शाळेच्या कपाटात ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यानंतर सांगण्यात आलं की आता वस्तू घरी न्या, घरी एक चित्र काढा, आणि पुढच्या तासाला वस्तू आणि चित्र दोन्ही घेऊन या. चांगली चित्रं शाळेच्या जिन्याच्या भिंतीवर लागणार होती. चित्राखाली दोन ओळी लिहायच्या होत्या, की वस्तूवर जी खूण आहे ती कशी झाली.

घरी आल्यावर बाईने पोरीची चित्रकलेची वही उघडली. आणि तिथे सरांनी लाल शाईने लिहिलेलं, "हात जड आहे."

जड म्हणजे जीव नसलेलं, हे पोरीने तिला सांगितलं होतं. जड म्हणजे मंद, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. "म्हणजे कळलं त्याला," ती माझ्याकडे बघत पुटपुटली. "वस्तू मागवणं वगैरे सगळं नाटक. पोरांची पारख चाललीय ही."

"कसली पारख?" फ्रीजवाला आतून म्हणाला.

"काही नाही."

"पेन्सिल दाबून चालवते ती, एवढंच असेल. माझं टेबल खरडलंय बघ."

"तुम्हाला सगळं एवढंच असतं," बाई म्हणाली.

पोरीने दोन दिवस बसून माझं चित्र काढलं. मी स्वतःला आरशात कधी बघितलेलं नाही, पण ते चित्र बघितलं आणि ओळखलं. पोटाची गोलाई, बुडाशी साचलेला अंधार, आणि ओठावर तो टवका. अगदी तसाच, वरच्या बाजूला रुंद, खाली निमुळता, आत बिडाचे दाणे दिसतील असा. खाली तिने एक ओळ लिहिली होती. "हा टवका कसा उडाला ते आईला विचारायचे आहे."

सकाळी पोर अंघोळीला गेली तेव्हा बाईने ते वाचलं.

मग तिने खिडकीतली फ्रीजवाल्याची पेन्सिल घेतली. त्या पेन्सिलीने तो फ्रीजवर खुणा करतो, मागे गुलाबी रबर आहे तिला. त्या रबराने तिने टवका पुसला. हळूहळू, फुंकर मारत. मग पेन्सिल उलटी करून माझा ओठ गोल काढला. मग ती ओळही पुसली आणि सातवीपर्यंत शिकलेल्या आपल्या गोल अक्षरात लिहिलं, "हा खलबत्ता धड आहे."

मी तिच्यासमोर बसलो होतो, टवक्यासकट. मला पुसायला रबर नव्हता. हे तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिने मला ओल्या फडक्याने तिथेच दोनदा घासलं.

दप्तराचा बंद तुटलेला, म्हणून त्या दिवशी मला बाईच घेऊन गेली. वाटेत तिने पोरीला पढवलं, "ही बाजू भिंतीकडे कर हं. तशीच छान दिसते." पोर तिच्या ओठांकडे बघत होती. हो म्हणाली. बाईने मला टेबलावर ठेवलं, टवका भिंतीकडे वळवला आणि बाहेर खिडकीशी थांबली. जायला पाय निघेना.

सर एकेक चित्र बघत आले. पोरीच्या चित्रापाशी थांबले. कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पुसलेल्या जागी कागदाचे तंतू वर येतात, ते तिरक्या उजेडात दिसतात. मग त्यांनी मला हळूच वळवलं.

"हे कोणी पुसलं?"

सरांनी त्या जागेवरून बोट फिरवलं.

"तीन आठवडे ही खूण काढतेस, आणि आज ती नाही. अक्षरही तुझं नाही. कोणी काढून दिलंय का हे?"

पोरीने चित्राकडे बघितलं. तिलाही ते आत्ताच कळत होतं. मग ती खिडकीकडे बघून म्हणाली, "मी पुसलं."

"तू? कशाने?"

तिचा रबर तर दारातल्या त्या डब्यात होता. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, घुमी खोटं बोलतेय!" आणि हसू फुटलं.

मी संशयी आहे खरा, पण त्या क्षणी मला कोणाचाच संशय आला नाही. सगळं समोर होतं. आठ वर्षांची पोर आईसाठी चोर ठरत होती. मला उडी मारून खाली पडावंसं वाटलं. पण पडून काय होतं ते मी एकदा बघितलं होतं.

दार ढकललं गेलं. बाई चपला घालूनच आत आली.

"ती नाही. मी पुसलं," ती म्हणाली. "ह्यांच्या पेन्सिलीच्या मागच्या रबराने."

"का पण?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"खोट होती म्हणून."

"खोट होती तेच तर तिने बघितलं होतं, बाई. ती पुसलीत म्हणून हे खोटं झालं."

चाळीस पोरं बाईकडे बघत होती. तिने सरांकडे पाठ केली आणि मुलीसमोर खाली बसली. तोंड तिच्या तोंडासमोर आणून, एकेक शब्द सुटा करून तिने सांगितलं. फळी, दूध, एक हात. वीतभर अंतर.

"माझ्या हातून पडला. तू तिथेच होतीस. मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही."

पोर नेहमीसारखी आधी बघत राहिली. मग म्हणाली, "मला लागलं?"

"नाही गं. पण आवाज झाला. फार मोठा."

"मी रडले?"

"नाही. माझ्याकडे बघत बसलीस."

पोरीने मान हलवली. आपल्याला एक गोष्ट विचारायची होती आणि तिचं उत्तर मिळालं, असं. तिने कागद ओढला, टेबलाला वळसा घालून माझ्या टवक्यापाशी आली आणि पेन्सिल घेतली. रबराने खरवडलेल्या कागदावर पेन्सिलीचं शिसं जास्त धरतं. तिने हळू रेघ मारली तरी ती गडद उमटली. सर वाकून बघत होते, बाई बघत होती, हसणारी पोरंही उठून आली. पुसलेली जागा सगळ्या चित्रात सर्वांत काळी आली.

"हात जड आहे हिचा," सर म्हणाले. बाईने चटकन मान वर केली. "दाबून काढते," ते म्हणाले. "ह्या वयाची मुलं भीत भीत काढतात. ही भीत नाही. आणि बाई, रागावू नका, पण डावीकडून बोललं की हिला ऐकू येत नाही. मी तीन आठवडे बघतोय. कुठे दाखवलंय का?"

"दाखवते," बाई म्हणाली.

दवाखान्यात मी नव्हतो, त्यामुळे पुढचं ऐकीव आहे. संध्याकाळी बाई फ्रीजवाल्याला सांगत होती, तेवढं सांगतो. सर्दी झाली की पोरीच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. डाव्या कानात जास्त. औषध चालू केलंय, नाही उतरलं तर छोटंसं ऑपरेशन. आणि डॉक्टरने तो प्रश्न विचारला. बाईने उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाला, त्या पडण्याचा, आवाजाचा ह्याच्याशी काही संबंध नाही, पण आधी आणलं असतंत तर बरं झालं असतं.

"मग तुला फळीचं सांगायला काय झालं होतं?" फ्रीजवाला म्हणाला. त्या दिवशी तो थोडा गरम वाटला. "सात वर्षं एकटीच घेऊन बसलीस?"

"डॉक्टर म्हणतो संबंध नाही," बाई म्हणाली. "म्हणतो आपला. खरं काय कोण जाणे!"

स्वभावाला औषध नसतं. तिच्याही आणि माझ्याही.

चित्र शाळेच्या जिन्यात लागलंय म्हणे. मी पुन्हा ओट्यावर आहे. टवका आता खोलीकडे असतो, कारण पोरीला तो लागतो. मोडक्या कानाचा तो जग काढणाऱ्या माणसासारखीच ती माझ्यामागे लागलीय. आज डावीकडून, उद्या वरून. अकरा चित्रं झाली. मी अजून पुरता बघून झालेलो नाही म्हणे.

आत्ताही समोर बसलीय. बाईने माझ्यात मिरी टाकलीय आणि बत्ता उचललाय.

"आई, थांब ना. तू कुटलंस की हा हलतो."

"कुटल्याशिवाय जेवण कसं व्हायचं, बये?"

"होईल. थोडंच राहिलंय."

तर वाचणाऱ्यांनो, मला आता गप्प बसायला हवं. एवढीच विनंती, की तुमच्या घरातल्या कोणाला काही विचारायचं असेल तर त्याच्या समोर बसून विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठू नका. बाई बत्ता वर धरून उभी आहे. दुसऱ्या हाताने तिने शेगडी बारीक केलीय. मी हलत नाही.